जुना ड्रमसेट वाजवावा कसा आणि जपावा कसा

खान्देशात जुने ड्रमसेट अजूनही आहेत. बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानात, बँड पथकांच्या खोल्यांत, भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात एखाद्या घराच्या माळ्यावर ते पडून असतात. ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, आल्यापासून वरातीच्या गाडीवर पूर्ण ड्रमसेट चढवण्याची गरज पुष्कळांना वाटेनाशी झाली आणि लाकडी शेलचे, म्हणजे लाकडी पिंपासारख्या अंगाचे, चांगले सेट कोपऱ्यात गेले. त्यांत अमेरिकेचे लुडविग, स्लिंगरलँड, ग्रेच आणि रॉजर्स, इंग्लंडचे प्रीमियर, जर्मनीचे सोनोर, जपानचे पर्ल, यामाहा आणि टामा यांपैकी काहीही निघू शकते. मेरठच्या जाली कोठी भागातून आलेले देशी ड्रमही निघतात आणि तेही तितक्याच काळजीने जपण्याजोगे असतात. साधारणपणे १९८० च्या आधीचा सेट हाती आला असेल, तर पुढील माहिती त्याच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. वाजवल्यामुळे जुना ड्रम सहसा बिघडत नाही. तो बिघडतो हवेतील झटक्यांमुळे आणि घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाणारा जळगाव-भुसावळचा उन्हाळा, त्यानंतर काही आठवड्यांतच येणारा दमट पावसाळा आणि धुळ्याकडे कधी कधी १० अंशांच्या खाली जाणारी हिवाळ्याची रात्र, या तिन्हींतून लाकूड, चिकटवलेले आवरण आणि धातू यांना दरवर्षी जावे लागते. त्यामुळे थंड, स्थिर हवामानातील वादकांना दिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही.

हात लावण्याआधी नोंद

सेट घरी आला की लगेच पाना आणि फडके हातात घेऊ नये. प्रत्येक ड्रमचे चारही बाजूंनी, आतून आणि कंपनीच्या बिल्ल्याजवळून फोटो घ्यावेत, कोणता लग (शेलवर बसवलेला, बोल्ट धरणारा धातूचा भाग) कोठे होता आणि कोणता बोल्ट लांब, कोणता आखूड होता हे लिहून ठेवावे. लुडविगच्या साठच्या दशकातील पुष्कळ शेलच्या आत तारखेचा शिक्का आढळतो. तो पुसला गेला की ड्रमचे साल सांगणारा सर्वांत भरवशाचा पुरावा गेला, म्हणून शेलच्या आत ओले फडके फिरवण्याआधी टॉर्च लावून नीट पाहावे. बिल्ल्यावरील क्रमांक मात्र कारखान्यात काटेकोर क्रमाने लावले जात नसत. केवळ त्यावरून साल ठरवणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा शेलची बांधणी जास्त बोलते. लुडविगचे साठच्या दशकातील शेल तीन थरांचे असून वरच्या आणि खालच्या कडेला आतून लाकडी कडे बसवलेले असते. १९७६ पासून त्यांच्या जागी सहा थरांचे, आत कडे नसलेले शेल येऊ लागले.

मूळ सुटा भाग, मग तो मोडका वॉशर का असेना, फेकू नये. एका डब्यात चिठ्ठीसह ठेवावा. पुढे सेट विकायचा झाल्यास अशा डब्याला किंमत येते, आणि विकायचा नसला तरी त्या आट्यांचा बोल्ट पुन्हा कोठे मिळेल याची खात्री नसते. अमेरिकन ड्रमचे आटे बहुतांशी एका मापाचे असतात, पण जुन्या प्रीमियरचे आणि जुन्या सोनोरचे आटे वेगळे आहेत. जवळपास बसतो म्हणून दुसरा बोल्ट जोर लावून फिरवला तर लगचे आटे जातात, आणि बोल्टपेक्षा लग मिळणे कितीतरी अवघड असते.

साफसफाई

सेट एका वेळी एकच ड्रम उघडून साफ करावा, म्हणजे भागांची सरमिसळ होत नाही. वरातीत वापरलेल्या सेटमध्ये गुलाल आणि हळद रिमच्या (पान दाबून धरणाऱ्या कड्याच्या) खाली, लगच्या मागे आणि हायहॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजजोडीच्या) नळीत जाऊन बसलेली असते. तिच्यावर आधी पाणी घालू नये. कोरड्या मऊ ब्रशने, शक्य असल्यास सायकलच्या पंपाच्या हवेने, ती झटकून काढावी. ओला झालेला गुलाल लाकडाच्या उघड्या कडेत उतरला तर तो डाग निघत नाही.

ड्रमवरील मोतिया किंवा चमकीच्या आवरणाला जास्त जपावे लागते. जुनी आवरणे सेल्युलॉइडची आहेत. ती आकसतात, पिवळी पडतात आणि पेटही घेतात, म्हणून त्यांच्याजवळ उदबत्ती, कापूर किंवा हीट गन नको. थिनर, अ‍ॅसिटोन आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव त्यांना विरघळवते. साध्या साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले सुती फडके आणि त्यानंतर लगेच कोरडे फडके एवढेच पुरे. पांढरा मोतिया रंग पिवळसर झाला असेल तर तो घासून परत आणण्याचा प्रयत्न करू नये. ते त्या पदार्थाचे वय आहे, मळ नव्हे. लुडविगने १९७२ मध्ये आणलेल्या व्हिस्टालाइटसारखे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शेल असतील तर काच पुसण्याचा स्प्रे किंवा स्पिरिट कटाक्षाने टाळावे, कारण त्याने अ‍ॅक्रिलिकमध्ये केसासारख्या बारीक चिरा पडतात.

क्रोमवरील हलका गंज काढण्यासाठी स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत आणि गंज निघतो. नंतर पूर्ण कोरडे करून गाडीच्या मेणाचा पातळ थर द्यावा. चिंच, लिंबू किंवा तांब्या-पितळेची भांडी घासण्याची पावडर क्रोमवर वापरू नये. लुडविगच्या सुप्राफोनिक स्नेअरचे (तळाला तारा ताणलेल्या छोट्या ड्रमचे) शेल अ‍ॅल्युमिनियमचे असून त्यावर क्रोमचा मुलामा आहे. त्यावर पांढरट फोड येणे हा त्या ड्रमचा जन्मजात दोष असून तो घालवता येत नाही. मेण लावून त्याची वाढ मंदावता येते, एवढेच. हा दोष असूनही त्याचा आवाज उत्तम असतो, म्हणून केवळ दिसण्यासाठी त्याला नवा मुलामा देऊ नये.

लगची आतली बाजू बहुतेक जण पाहतच नाहीत. जुन्या लगच्या पोकळीत एक छोटी स्प्रिंग असते, जी आतल्या नटला जागेवर धरते. वाजवताना ही स्प्रिंग गुणगुणते, आणि वादक तो आवाज स्नेअरच्या तारेचा समजून तार बदलत बसतात. लग शेलवरून सोडवावा, स्प्रिंग काढून तिच्याभोवती सरकी काढलेल्या स्वच्छ कापसाचे किंवा पातळ फेल्टचे वेटोळे द्यावे आणि ती तशीच परत बसवावी. कापूस इतका ठासू नये की नट हलणे बंद होईल, कारण बोल्ट सरळ रेषेत येण्यासाठी त्या नटला थोडी मोकळीक लागते. परत बसवताना प्रत्येक आट्याला व्हॅसलिनचा थेंब लावावा आणि लगचे स्क्रू हाताला घट्ट लागतील इतकेच आवळावेत. हे लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. जास्त जोर लागला की ते वाकत नाहीत, थेट तडकतात.

कड आणि गोलाई

हेड, म्हणजे आपल्या ढोलवाल्यांच्या भाषेत पान, शेलच्या ज्या कडेवर टेकते तिच्यावर ड्रमचा निम्मा आवाज ठरतो. ती कड तपासण्यासाठी हेड काढून शेल सपाट ग्रॅनाइटवर उपडे ठेवावे. स्वयंपाकाचा ओटा चालतो, मात्र तो खरोखर सपाट आहे का हे आधी लांब पट्टी उभी लावून पाहावे. खोलीत अंधार करून शेलच्या आत टॉर्च लावावा आणि बाहेरून डोळा ओट्याच्या पातळीवर आणून भोवती फिरावे. जेथून उजेडाची फट दिसेल तेथे कड खोल आहे. कागदाच्या जाडीची फट असेल तर काहीही करू नये, हेड ती सामावून घेते. फट मोठी असली तरी लगेच सुताराकडे धाव घेऊ नये. जुन्या ड्रमच्या कडा आजच्यासारख्या टोकदार नसतात, बऱ्याचदा गोलसर असतात आणि त्या गोलसरपणामुळेच तो उबदार, लवकर थांबणारा आवाज येतो. फर्निचरचा उत्तम सुतारसुद्धा ती कड सरळ रंध्याने धारदार करून देईल आणि ड्रमचा मूळ आवाज कायमचा जाईल. माझ्या मते ड्रमवर केल्या जाणाऱ्या सर्व दुरुस्त्यांत ही सर्वांत अपरिवर्तनीय आहे.

गोलाईसाठी दोन समोरासमोरच्या लगांमधील अंतर टेपने मोजावे आणि तेच चारही दिशांनी मोजावे. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक जुन्या शेलमध्ये आढळतो. हेड हाताने बसते आणि फिरते का, ही खरी परीक्षा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या प्रीमियरच्या शेलचा व्यास मात्र आजच्या मापापेक्षा किंचित मोठा असतो. तेथे नवे हेड बसत नाही म्हणून शेल घासण्याचा विचारही करू नये. त्या मापाची हेड वेगळी मागवावी लागतात.

पान निवडणे आणि सूर लावणे

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरची हेड बाजारात आली. १९५७ मध्ये रेमो बेली यांनी काढलेली कंपनी त्यांतली सर्वांत परिचित. त्याआधीचे सेट वासराच्या कातड्यासाठी घडवलेले होते. एखाद्या ड्रमवर मूळ कातडे शाबूत असेल तर ते काढून सपाट ठेवावे आणि वाजवण्यासाठी प्लास्टिकचे हेड लावावे. कातडे वाजवायचेच असेल तर पावसाळ्यात सैल पडले म्हणून ते फार ताणू नये, कारण हवा कोरडी होताच ते आकसते आणि रात्रीतून फाटते.

जुन्या शेलसाठी एकपदरी, वरून खरखरीत पांढरा लेप असलेले मध्यम जाडीचे हेड सर्वांत योग्य. दुपदरी किंवा कडेला जेल असलेली हेड गोलसर कडेवर लावली की ड्रम मुका होतो.

हेड आधी शेलवर नुसते ठेवून फिरवून पाहावे. रिम ठेवून सर्व बोल्ट बोटांनी, चावीशिवाय, टेकेपर्यंत आवळावेत. मग मध्यभागी तळहाताने हलका दाब देऊन हेड कडेवर बसवावे आणि समोरासमोरच्या जोड्यांनी प्रत्येक बोल्ट अर्धा फेरा द्यावा. एका बाजूने ओळीने आवळत जाऊ नये. त्याने रिम तिरकी ओढली जाते आणि जुन्या शेलचा गोलावाही बिघडतो. हेडला सुरकुती उरली नाही की प्रत्येक लगपासून एक इंच आत हलके टिचकी मारून ऐकावे. ज्या लगजवळ आवाज खाली असेल त्याचाच बोल्ट पाव फेरा वर घ्यावा. वर असेल तर आधी पूर्ण उतरवून मग खालून वर आणावा. टॉमच्या (तारा नसलेल्या, काठ्यांनी वाजवायच्या ड्रमच्या) खालचे हेड वरच्यापेक्षा किंचित चढे ठेवले तर आवाज गोल आणि आटोपशीर येतो. जुन्या सेटचा गोडवा मध्यम आणि खालच्या ताणातच आहे.

बँडमध्ये वाढलेल्या वादकाला स्नेअर ताशासारखी कडक लागते, हे मला ठाऊक आहे, आणि रस्त्यावर मोकळ्या जागेत तशी कडक स्नेअर लागतेही. पण तो ताण जुन्या स्नेअरवर देऊ नये. रिम वाकते, लगचे स्क्रू लाकडातून ओढले जातात आणि तळाचे पातळ हेड फाटते. वरातीसाठी आजची मजबूत स्नेअर वेगळी ठेवावी आणि जुनी स्नेअर स्टेजवर, हॉलमध्ये, रेकॉर्डिंगला वापरावी.

आवाज दाबण्यासाठी बेस ड्रममध्ये, म्हणजे पेडलने वाजणाऱ्या मोठ्या ड्रममध्ये, उशा कोंबण्याऐवजी समोरच्या हेडच्या आतून अडीच-तीन इंच रुंदीची लोकरीची पट्टी, मध्यापासून थोडी बाजूला, हेड आणि कडेच्या मध्ये धरून लावावी. जुन्या घोंगडीची पट्टी यासाठी अगदी योग्य ठरते. तिला कसर लागते, म्हणून दर पावसाळ्यानंतर उघडून पाहावी.

ऊन, कूलर आणि पाऊस

आपल्या भागात ड्रमचे वर्ष आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मोजावे. लग्नसराई त्या सुमारास भरात असते आणि ऊनही. सेट पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवला तर आवरणाचा सांधा उचलला जातो, शेलच्या आतले लाकडी कडे सुटते आणि थर विलग होऊ लागतात. मातीच्या जाड भिंतींचे धाब्याचे घर अजून शाबूत असेल तर त्याची मधली खोली सर्वांत उत्तम, कारण तेथे दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही. नसेल तर तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली निवडावी.

उन्हाळ्यात उन्हाइतकाच धोका कूलरचा आहे, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, आणि कूलरच्या झोतात ओलावा भरलेला. झोत दिवसभर चालू, रात्री बंद. लाकूड रोज फुगते आणि रोज आकसते, क्रोमवर ठिपके येतात, स्नेअरच्या तारा गंजतात. सरावाच्या खोलीत कूलर लागणारच, तर सेट झोताच्या रेषेबाहेर ठेवावा आणि सराव संपला की सुती चादर टाकावी. प्लास्टिक किंवा ताडपत्री थेट ड्रमवर टाकू नये, तिच्याखाली उष्णता आणि ओल दोन्ही कोंडतात.

खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगावा. ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान काटा राहिला तर लाकूड सुखी असते. आपल्याकडे वर्षभर तो तेथे राहणार नाही, हे मान्य करूनच चालावे. एका दिवसात मोठी उडी होऊ न देणे हेच आपल्या हातात आहे. मृग लागण्याआधी सेट पेट्यांत बंद करावा, प्रत्येक पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे करून घ्यावे. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. पेट्या सिमेंटच्या जमिनीवर किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून नव्हे, तर फळीवर ठेवाव्यात. डांबरगोळ्या आवरणाला लागू देऊ नयेत, प्लास्टिक मऊ पडते. कडुलिंबाचा वाळलेला पाला चालतो. शेलच्या खाली बारीक पिठासारखा भुसा दिसला तर लाकूड पोखरणारा किडा आहे असे समजून तो ड्रम लगेच इतरांपासून वेगळा करावा.

साठवताना दोन्ही हेड लावलेली असावीत आणि बोल्ट वाजवण्याच्या ताणापेक्षा थोडे सैल, पण टेकलेले असावेत. पूर्ण उघडे शेल वेडेवाकडे होते. जागा वाचवण्यासाठी एकात एक शेल घालून ठेवण्याची पद्धत जुन्या सेटला घातक आहे.

वाजवताना

जुन्या सेटवर टॉम बेस ड्रमच्या शेलवर बसवलेला असतो. आजचे जड डबल होल्डर बसवण्यासाठी शेलला नवे भोक पाडू नये. जुना होल्डर डळमळत असेल तर तो टॉम सरळ एका स्नेअर स्टँडवर ठेवावा; शेल वाचते आणि टॉमचा आवाजही मोकळा होतो. पेडलचा पकड-स्क्रू लाकडी रिम चावून टाकतो, म्हणून मध्ये चामड्याचा तुकडा द्यावा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा सहज मिळतो, पण रबर आवरणावर आणि लाकडाच्या पॉलिशवर डाग पाडते. पेडलच्या सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. लुडविगच्या स्पीड किंग पेडलच्या स्प्रिंगा खांबांच्या आत दडलेल्या असतात. ते पेडल कुरकुरू लागले तर खांबांच्या तळाचे स्क्रू उघडून आत ग्रीस द्यावे.

सिंबल, म्हणजे सेटवरची मोठी झांज, हे कांसेच आहे. चांगल्या जुन्या सिंबलमध्ये साधारण ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील असते. वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर आवाजाला सौम्य करतो, तो घासून काढू नये. कोमट साबणाच्या पाण्याने, खाचांच्या दिशेने धुऊन लगेच पुसावे. स्टँडच्या उघड्या आट्यावर सिंबल कधीही चढवू नये. मध्ये नायलॉनची नळी आणि खाली-वर फेल्ट हवेच, नाहीतर मधले भोक लांबट होत जाते. कडेला चीर गेली तर वेल्डिंग करून घेऊ नये. ठिसूळ कांसे तेथेच पुन्हा तडकते आणि उष्णतेने आसपासचा बाजही जातो. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडल्याने ती काही काळ थांबते. तोवर तो सिंबल हलक्या हाताने, चिरेच्या विरुद्ध बाजूने वाजवावा.

बँडच्या गाडीवर सेट चढवायचा असेल, तर बेस ड्रम थेट लोखंडी पत्र्यावर न ठेवता जाड सतरंजीवर ठेवावा आणि दोरी रिमला बांधावी, लगला नव्हे. जनरेटरजवळची जागा टाळावी. तेथली उष्णता आणि सततची थरथर बोल्ट सैल करते. मिरवणूक सुटल्यावर प्रत्येक बोल्ट बोटांनी तपासावा.

वाहतुकीत स्नेअरची तार चढवलेली ठेवावी, म्हणजे ती हेडला चिकटून राहते आणि कशात अडकून ओढली जात नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद टेम्पोत सेट सोडून जेवायला जाऊ नये. एसी हॉलमधून बाहेर आणल्यावर, किंवा उन्हातून हॉलमध्ये नेल्यावर, पेटी लगेच न उघडता अर्धा-पाऊण तास तशीच बंद ठेवावी आणि सूर त्यानंतर लावावा.